२०० वॉट-सेकंदचा बॅटरीवाला स्ट्रोब : काही महिने रोज रगडल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतली मंडळी इथूनच कटू शकतील. लाइट (स्ट्रोब म्हणजे फोटोसाठी क्षणभर चमकणारा फ्लॅश) ठेवलाय, विकणार नाही. पण घेतला होता भर उन्हात हाय स्पीड सिंक, म्हणजे खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश, मारायला, आणि बहुतेक वापर होतोय तो बंद खोलीत, माणसाच्या तोंडापासून हात-दीड हातावर.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण हातात मावणारे, लिथियम बॅटरीवर चालणारे २०० चे स्ट्रोब आता बऱ्याच कंपन्यांचे आहेत आणि आतून सगळे भाऊ-भाऊच असतात, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्याकडच्या लाइटलाही लागू पडेल. माझं काम म्हणजे पोर्ट्रेट, प्रॉडक्ट आणि मधेमधे डान्सवाल्यांचे शूट. इव्हेंट मी करत नाही, त्यामुळे रात्रभर न थांबता फ्रेम मारल्या तर टिकतो का, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

पॉवरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. वॉट-सेकंद म्हणजे एका झटक्याच्या ऊर्जेचं माप, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. कॅमेऱ्यावर चढवायचा मोठा फ्लॅश साधारण ६०-७० वॉट-सेकंदच्या घरात असतो, म्हणजे हा त्याच्यापेक्षा दीड स्टॉप वर. ४०० वाला घेतलात तर याच्यावर फक्त एक स्टॉप मिळतो, ६०० वाला घेतलात तर दीडच्या जरासा पुढे. बस, एवढंच. आणि त्या एका स्टॉपसाठी लाइट जड, मग स्टँड जड, मग सँडबॅग जास्त, मग असिस्टंटची तोंडं वाकडी. तोच एक स्टॉप फुकटात मिळतो की, २ मीटरवरचा लाइट १.४ मीटरवर ओढा, उजेड दुप्पट. १ मीटरवर आणा, चौपट. वर बोनस म्हणजे सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायची कापडी पेटी) जेवढा जवळ तेवढा तो चेहऱ्याच्या मानाने मोठा, आणि सावलीच्या कडा तेवढ्या मऊ. नुसतं सॉफ्टबॉक्स लावलाय म्हणून लाइट सॉफ्ट होत नाही, १२० सेंटीमीटरचा ऑक्टा, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, चार मीटर लांब उभा केला की तो पण टणकच दिसतो.

जवळ आणायचं म्हटलं की हलका लाइट कामाला येतो, हे या महिन्यांत फार जाणवलं. बूमच्या (स्टँडवरच्या आडव्या दांडीच्या) टोकाला हा टांगला तरी स्टँड झुकत नाही, त्यामुळे फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत उतरवता येतो. मोठा हेड असाच टांगायचा तर आधी सँडबॅगांची जुळवाजुळव करा, मग माणसाला खाली बसवताना पुन्हा टेन्शन की डोक्यावर काही येतंय का.

परवा एका ऑफिसात सगळ्या स्टाफचे हेडशॉट होते. खोली छोटी, छत बुटकं, भिंती पांढऱ्या, म्हणजे उजेड सगळीकडून उड्या मारत परत येणार. मागे एकच राखाडी पेपर. अर्ध्या लोकांना डार्क बॅकग्राउंड हवं होतं, अर्ध्यांना हलकं, आणि पेपर बदलायला वेळ नाही. आता हे फॉलऑफवर, म्हणजे अंतर वाढलं की उजेड घटतो त्यावर, करता येतं. माणूस लाइटपासून १ मीटरवर आणि पेपर ३ मीटरवर असला की पेपरवर नवव्या हिश्श्याचा उजेड पडतो, म्हणजे तीन स्टॉपपेक्षा थोडा जास्त फरक, पेपर जवळजवळ कोळशासारखा. तोच लाइट मागे ओढून माणूस ३ मीटर आणि पेपर ५ मीटर असं केलं की फरक दीड स्टॉपवर येतो आणि तोच पेपर मधला राखाडी दिसायला लागतो. माणूस आणि पेपर जागचे हललेच नाहीत, फक्त स्टँड सरकला आणि पॉवर वाढवली. अर्थात लांब नेल्यावर लाइट टणक होतो आणि २०० वाला फुल पॉवरकडे सरकतो, तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० वरून ४०० करायचा, त्याने आजकालच्या कॅमेऱ्यात काही बिघडत नाही. पांढऱ्या भिंतींचं काय, तर सॉफ्टबॉक्सला कापडी ग्रिड (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी) आणि सावलीच्या बाजूला काळा थर्माकोल. ग्रिड नसती तर त्या खोलीत डार्क बॅकग्राउंड विसरा.

त्याच शूटला चष्मेवाले भरपूर. चष्म्यातल्या रिफ्लेक्शनला लोक उगाच घाबरतात. उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परत फिरतो, एवढं लक्षात ठेवायचं आणि लाइट वर न्यायचा, तरी दिसत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलायच्या, म्हणजे काच जराशी खाली कलते आणि सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता जमिनीकडे जातं. समोरून दांड्या उचलल्यात हे कळत पण नाही. जाड काचवाल्यांना हनुवटी एक बोट खाली घ्यायला सांगा. फक्त लाइट वर गेला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो, म्हणून छातीच्या खाली पांढरा थर्माकोल आडवा धरायचा. या लाइटचा मॉडेलिंग लॅम्प (उजेड कसा पडेल याचा अंदाज देणारा, सतत लागलेला छोटा दिवा) मात्र अशा वेळी कामाचा नाही, दिवसाच्या ऑफिसात तो लागलाय का नाही हेच समजत नाही, त्यामुळे रिफ्लेक्शन दिसतंय का ते टेस्ट फ्रेम मारूनच बघावं लागतं.

आता ऊन. हाय स्पीड सिंक चालतं, पण त्यात काय होतं ते समजून घ्या. १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, मधून फट सरकत जाते, त्यामुळे लाइटला एक मोठा झटका द्यायच्या ऐवजी सलग बारीक बारीक झटके द्यावे लागतात आणि त्यातला बराचसा उजेड पडद्यावर आपटून वाया जातो. उन्हात आयएसओ १०० ला १/२०० वर एफ ११ (लेन्सचं अॅपर्चर, आकडा लहान तेवढं ते जास्त उघडं) बसतं, तेच एफ २.८ वर न्यायचं तर शटर १/३२००, आणि तिथे सॉफ्टबॉक्समधून २०० वाला दमतो. दोनतीन फूट अंतरावर असेल तर ठीक, फुल फिगर घ्यायची तर नाही. मी आता ४ स्टॉपची एनडी (लेन्सवरची, उजेड कापणारी काळसर काच) लावतो, शटर १/२०० वरच राहतो, एफ २.८ पण मिळतो आणि फ्लॅशची ती सिंकवाली गळती होत नाही. एनडी फ्लॅशलाही तेवढाच कापते हे खरं, पण अॅपर्चर उघडून तेवढंच परत मिळतं, त्यामुळे हिशोब बरोबर राहतो. त्रास एवढाच की व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि जुन्या बॉडीवर फोकस चाचपडतो. शिवाय सलग हाय स्पीड सिंक मारलं की लाइट तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. गरम होऊन थांबणं हे त्याचं संरक्षण आहे, पण समोर मॉडेल घाम पुसत उभी असताना ही समजूत कुणाला काढायची.

संध्याकाळी मात्र हा लाइट सोनं आहे. सूर्य बुडाल्यावर अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावायचा, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास ठेवायचा, चेहरा जवळजवळ न्यूट्रल आणि मागचं आकाश गडद निळं, एडिटमध्ये काही करायला लागत नाही. शटरने आकाश कमीजास्त करायचं आणि पॉवरने चेहरा, दोन्ही वेगळे. दर काही मिनिटांनी शटर एकेक स्टॉप खाली आणत जायचं, कारण आकाश कोणासाठी थांबत नाही.

डान्सचं शूट हे खरं या लाइटचं घर. हवेतला ओढणीसारखा लांब कपडा गोठवायचा असेल तर शटर स्पीड बघू नका, फ्लॅश ड्युरेशन, म्हणजे झटका किती वेळ टिकतो ते, बघा, आणि त्यात सुद्धा टी ०.५ चा आकडा बघून खूश होऊ नका, कारण तो उजेड अर्ध्या उंचीच्या वर असतो तेवढाच वेळ मोजतो, मागची शेपटी त्यात येतच नाही. टी ०.१ बघा, तो उजेड दहा टक्क्यांच्या वर असतो तेवढा वेळ मोजतो. या वर्गातल्या लाइट्सना फुल पॉवरला टी ०.१ साधारण १/२०० च्या आसपासच असतो, म्हणजे गिरकी घेताना बोटं आणि कपड्याची टोकं हमखास धुरकट. आयजीबीटीवाले (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच असलेले) लाइट पॉवर कमी केली की झटका मधेच कापतात, त्यामुळे फुल पॉवरच्या १/१६ वर आणलं की ड्युरेशन सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या खाली जाते आणि कपड्याची शिलाई सुद्धा मोजता येते. हे सगळ्या लाइट्सना लागू नाही हं, व्होल्टेज कमी करून पॉवर घटवणारे जुने स्टुडिओ हेड असतात ना, त्यांचं बरोबर उलट होतं, पॉवर कमी केली की ड्युरेशन लांबते. मी डान्सला हॉलचे सगळे दिवे बंद करतो, पॉवर १/१६, आयएसओ ८००, आणि एक लाइट बाजूने मागून, एक समोरून वरून. १/१६ ला रिसायकल (पुढच्या झटक्यासाठी पुन्हा तयार होणं) एवढं पटकन होतं की एका उडीत चारपाच फ्रेम निघतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, खालच्या पॉवरला रंग थोडा निळ्याकडे सरकतो. एकच लाइट असेल तर कळत नाही, पण एक १/२ वर आणि दुसरा १/३२ वर असला की नाकाच्या दोन बाजूंचा रंग वेगळा दिसतो. उपाय म्हणजे दोन्ही लाइट जवळपास सारख्याच पॉवरला ठेवा आणि उजेड अंतराने जुळवा, किंवा निळा पडणाऱ्यावर पाव सीटीओ चढवा. ग्रे कार्डने एकच व्हाइट बॅलन्स निघतो, दोन निघत नाहीत.

प्रॉडक्टमध्ये अलीकडचं सगळ्यात डोकं खाणारं काम म्हणजे परफ्यूमची बाटली. काचेवर आपण लाइट टाकत नाही, काचेला काय दिसतं ते ठरवतो. आधी मागे पांढरा उजळ भाग ठेवला आणि तो बाटलीपेक्षा किंचितच रुंद ठेवला, म्हणजे काचेच्या कडा काळ्या येतात आणि आकार उठतो. बाजूला स्क्रिम, म्हणजे डिफ्यूजनचं कापड ताणलेली चौकट, आणि लाइट स्क्रिमपासून लांब, तिरका, अजिबात सरळ नाही. असं केलं की काचेवर पांढरा चौकोन न उमटता उजेड एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू विरत जातो, महागड्या जाहिरातीत दिसतो तो लुक हाच. आतलं द्रव काळपट पडत होतं, तर बाटलीच्या मागे तिच्याच आकाराचा, दोन मिलिमीटर लहान कापलेला चांदीचा कागद चिकटवला आणि दुसऱ्या लाइटने फक्त त्यालाच मारलं. पटकन आतून पेटल्यासारखं झालं. या कामाला १/६४ आणि १/१२८ पॉवर लागते आणि इथे या छोट्या लाइटने फारच चांगली साथ दिली, फ्रेम टू फ्रेम एक्स्पोजर हलला नाही.

कुरबुरी पण आहेत. सोबत आलेल्या ब्रॅकेटचा टिल्ट जोड मोठा ऑक्टा पेलत नाही, तासाभरात मान टाकतो, मी तो बदलून धातूच्या दातांचा घेतला, तो घट्ट बसतो. चपट्या फ्रेझनेल (पुढे काच असलेल्या) हेडने मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये मधोमध गरम डाग पडतो आणि कडा उपाशी राहतात, म्हणून सॉफ्टबॉक्समध्ये बेअर बल्ब, म्हणजे उघड्या ट्यूबचं हेडच लावा, फक्त ट्यूबला उघड्या बोटांनी हात लावू नका. ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लाइटला इशारा देणारा रिमोट) २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायही तिथेच, त्यामुळे भरगच्च ऑफिसात मधेच फ्लॅश गाळला जातो. चॅनल बदलला की बहुतेक वेळा सुटतं. नाहीतर लाइट उलटा फिरवून त्याची अँटेनाची बाजू मोकळ्या दिशेला करायची, कारण सॉफ्टबॉक्सची चंदेरी आतली बाजू सिग्नल अडवते. डिस्प्ले उन्हात वाचता येत नाही, पण सगळं ट्रिगरवरूनच बदलतो तर चालून जातं.

बॅटरी अजून तरी बसलेली वाटत नाही. काम नसेल तेव्हा फुल चार्ज करून कपाटात टाकू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा, लिथियमला ते मानवतं. विमानाने जाणाऱ्यांसाठी, सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात, टर्मिनलवर टेप लावून. या लाइटची बॅटरी १०० वॉट-अवरच्या बरीच खाली येते, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही, ६०० वाल्यांनी मात्र आपला आकडा बॅटरीवर वाचून घ्यावा.

कोणी घ्यावा? दोन माणसांपर्यंतचे पोर्ट्रेट, टेबलावरचं प्रॉडक्ट, कपडा किंवा पाणी गोठवण्याची कामं करत असाल तर बिनधास्त, आणि पैसे असतील तर एक ४०० घेण्यापेक्षा असे दोन घ्या, एक ऐन वेळी बंद पडला तरी शूट पडत नाही. मोठे ग्रुप करत असाल तर थांबा. दोन रांगांच्या ग्रुपला पुढची रांग १ मीटरवर आणि मागची २ मीटरवर असली की चक्क दोन स्टॉपचा फरक पडतो, तो मिटवायला लाइट ४-५ मीटर मागे न्यावा लागतो, मग तिथे फरक पाऊण स्टॉपच्याही आत येतो खरा, पण उजेड पुरवायला मोठं हेड लागतं. तिथे मी अजून ६०० च भाड्याने आणतो. आणि लाइटच्या पैशातले थोडे बाजूला काढून कापडी ग्रिड आणि एक दणकट बूम त्याच दिवशी घ्या, नंतर घेऊ म्हणाल तर पहिले दोन महिने लाइट स्टँडवर उभा करून लांबूनच मारत बसाल.