पिक्सेल, हाताने काढलेलं की थ्रीडी? ॲक्शन आरपीजी करणाऱ्या छोट्या टीमसाठी

आमचा गेम अजून यायचाय, पण गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, की ॲक्शन आरपीजी (हाणामारी करत हिरोची ताकद आणि सामान वाढवत न्यायचा गेम) करायचाय, आर्ट कुठलं घेऊ, पिक्सेल (छोट्या चौकोनी ठिपक्यांचं) घेऊ, हाताने काढू का सरळ थ्रीडीत जाऊ. तिघांनाही फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, आता तेच इथे नीट लिहितो. आम्ही पण तिघंच आहोत, नोकरीवरून आलो की कोथरूडला मित्राच्या फ्लॅटवर बसतो, आर्ट माझ्याकडे, कोडिंग त्याच्याकडे आणि लेव्हल आणि गोष्ट मैत्रिणीकडे. सह्याद्रीतला एक पडका किल्ला, वरून तिरका बघणारा कॅमेरा, हातात दांडपट्टा, भाला किंवा कट्यार, असा गेम आहे. हे तिन्ही प्रकार आम्ही दीड-दीड दोन-दोन महिने खरंच करून बघितलेत, त्यामुळे जे आकडे देतोय ते आमच्या टेबलावरचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कोणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. कुठलं आर्ट जास्त भारी दिसतं यावर वाद घालत बसू नका, तिन्ही भारी दिसतात. ॲक्शन आरपीजीत निर्णय होतो तो दोन गोष्टींवर, हिरोच्या अंगावरचं सामान किती वेळा बदलून दिसणार, आणि हिरो किती दिशांना वळणार. बस. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

हिशोब करून दाखवतो. नुसतं उभं राहणं ४ फ्रेम (फ्रेम म्हणजे हालचालीतलं एक चित्र), पळणं ८, डॅश (झटकन मारलेली झेप) ४, तीन वार प्रत्येकी ६ म्हणजे १८, मार खाणं २, मरणं ८. झाले ४४. तिरक्या कॅमेऱ्यात आठ दिशा लागतात, पण त्यातल्या पाच काढल्या की उरलेल्या तीन उलट्या फिरवून मिळतात, म्हणजे ४४ गुणिले ५, २२० चित्रं. इथपर्यंत ठीक आहे, कोणीही करू शकतो. आता म्हणा की आरपीजी आहे तर चिलखत बदललेलं दिसलं पाहिजे, चार प्रकार, झाले ८८०. आणि शस्त्र प्रत्येक फ्रेममध्ये हातात दिसतं, तीन शस्त्रं, झाले २,६४०. आणि हा फक्त हिरो, अजून एक पण शत्रू काढलेला नाही. पिक्सेलमध्ये मला एका चित्राला साधारण २५ मिनिटं लागतात, म्हणजे ११०० तास, आणि हाताने पूर्ण रंगवलेलं काढलं तर सव्वा तास, म्हणजे ३,३०० तास. रोज रात्री अडीच तास बसणाऱ्या माणसाने हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवावेत.

मोठे मोठे लोक पण ह्याच हिशोबाला शरण गेलेत हे बघितलं की बरं वाटतं. १९९६ च्या डायब्लो या गेममध्ये चिलखतं ढिगाने मिळतात पण हिरोच्या अंगावर दिसणारे प्रकार तीनच, हलकं, मध्यम, जड. आणि ते स्प्राइट (स्क्रीनवर हलणारी सपाट चित्रं) पण थ्रीडी मॉडेलवरून रेंडर केलेले, म्हणजे कॉम्प्युटरकडून काढून घेतलेले होते. हॉलो नाइट, २०१७ चा गेम, ॲडलेडच्या छोट्याशा टीमचा, सगळं हाताने काढलेलं, आणि त्यात तुम्ही कितीही चार्म (ताकद देणारे ताईत) लावा, त्यातला हिरो नाइट दिसायला तोच राहतो. हेडीस या गेममध्ये शस्त्रं सहा आहेत पण हिरो झॅग्रियसचे कपडे बदलत नाहीत, देवांचं वरदान मिळालं की फरक दिसतो तो इफेक्टमध्ये, झ्यूसचं असेल तर वीज, पोसायडनचं असेल तर लाट. म्हणजे ताकद वाढली हे शरीरावर न दाखवता शरीराच्या बाजूला दाखवलं. मला हे फार सुंदर वाटतं, कारण इथे आर्टिस्टची मर्यादा आणि गेम डिझाइन एकाच जागी येऊन बसलंय आणि खेळणाऱ्याला काही कमी पडल्यासारखं वाटतच नाही.

आता एकेक घेऊ.

पिक्सेल आर्टबद्दल पहिला गैरसमज हा की ते सोपं आहे. लहान आहे, सोपं नाही. आमचा हिरो ४८ पिक्सेल उंच होता आणि दांडपट्ट्याचं पातं म्हणजे एक पिक्सेल जाडीची रेघ, ती फिरताना दिसेचना. शेवटी पातं काढायचं सोडलं आणि वाराच्या मधल्या चित्रात एक पांढरा अर्धचंद्र काढला, पट्टा जिथून जिथे गेला तेवढा, आणि एकदम वार दिसायला लागला. दुसरी गंमत म्हणजे पट्ट्याची मूठ हाताच्या कोपरापर्यंत खोबणीत बसते, मनगट वळतच नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. मी सुरुवातीला नेहमीच्या तलवारीसारखं मनगट फिरवलेलं, ते बघून मर्दानी खेळ शिकलेल्या एका मित्राने लगेच पकडलं. आणि मघाशी म्हटलं ना की तीन दिशा उलट्या फिरवून मिळतात, तर तसं केलं की उजव्या हातातला पट्टा डाव्या हातात जातो. आम्ही काय केलं, दोन्ही हातात पट्टे दिले. मर्दानी खेळात दोन्ही हातात घेऊन फिरवतातच, प्रश्न मिटला, आणि हिरो दिसायला पण जास्त दमदार झाला.

पिक्सेल घेणार असाल तर रेझोल्यूशन (चित्र किती बाय किती पिक्सेलचं) आधी पक्कं करा. हायपर लाइट ड्रिफ्टर हा गेम ४८० बाय २७० वर काढलेला, तो १०८० च्या स्क्रीनवर बरोब्बर चौपट होतो, पण स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या मशीनच्या १२८० बाय ८०० वर पूर्ण पटीत बसत नाही. आम्ही ६४० बाय ३६० घेतलं, दुप्पट केलं की ७२०, तिप्पट केलं की १०८०, चौपट केलं की १४४०, डेकवर वर-खाली थोडी काळी पट्टी येते तेवढीच. पूर्ण पटीत नसलं की काही पिक्सेल जाड काही बारीक होतात आणि कॅमेरा सरकला की सगळं थरथरतं, एकदा दिसलं की मग डोळ्यांना तेच दिसत राहतं.

हाताने काढलेलं माझ्या सगळ्यात जवळचं. मी चित्रकलेतूनच आलोय आणि हा गेम करायचं डोक्यात आलं तेच बाजीराव रोडच्या केळकर म्युझियममध्ये चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची) पानं बघताना, पैठण शैलीची, ठळक बाह्यरेषा, मोजके रंग, मोठे मोठे डोळे. तिथून बाहेर पडलो तेव्हा ठरवलेलं की अख्खा गेम असाच दिसला पाहिजे. दीड महिन्यात कळलं की ते आमच्या कॅमेऱ्यात होणारच नाही. चित्रकथीतली माणसं बहुतेक बाजूने दिसतात, चेहरा एका अंगाने, सगळी शक्ती त्या नाकाच्या आणि डोळ्याच्या रेषेत. तिरक्या कॅमेऱ्यात हिरो अर्धा वेळ पाठमोरा असतो. पाठमोरी चित्रकथी म्हणजे काय, पागोटं आणि पाठ, त्यात ती शैली उरतच नाही. म्हणून कोणाला खरंच चित्रकथीत गेम करायचा असेल तर मी हात जोडून सांगेन की साइड व्ह्यू (बाजूने बघणारा कॅमेरा) घ्या, दिशा दोनच लागतात, हिशोब पण एकदम हलका होतो आणि शैलीला न्याय मिळतो.

साइड व्ह्यूचा अजून एक फायदा, तिथे कटआउट ॲनिमेशन चालतं. हात, दंड, मांडी, डोकं वेगवेगळं काढायचं आणि सांध्यात हाडं घालून हलवायचं, कोकणातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या कशा हलतात तसंच. चिलखत बदलायचं म्हणजे फक्त छातीचा तुकडा बदलायचा. गोडो या इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हे फुकट होतं, स्पाइन हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर घेतलं तर पैसे पडतात पण काम जास्त सफाईने होतं.

पण हाताने काढलेल्यात जो त्रास आम्हाला सगळ्यात जास्त झाला तो वेगळाच. आमचं ॲनिमेशन सेकंदाला १२ चित्रांचं आणि गेमचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो, त्या प्रत्येक वेळेला पण फ्रेमच म्हणतात, म्हणजे एक चित्र ५ फ्रेम टिकतं. पट्टा उगारण्याची मी तीन चित्रं काढलेली, खांदा मागे, कंबर वळलेली, फार मन लावून. तीन चित्रं म्हणजे १५ फ्रेम, पाव सेकंद. बटण दाबलं आणि पाव सेकंद काहीच लागत नाही, हातात गेम जड वाटायला लागला. मित्र म्हणाला दोन चित्रं काढून टाक. टाकली, पाच दिशांची मिळून दहा चित्रं, साडेबारा तासांचं काम, आणि वार लगेच कडक झाला. शत्रूचं मात्र बरोब्बर उलटं, त्याने उगारलेलं अर्धा सेकंद तरी दिसलं पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याने चुकवायचं कसं. हे असं टायमिंग गेम पूर्ण होईपर्यंत बदलत राहतं. पिक्सेलमध्ये चित्र फेकताना कमी दुखतं, थ्रीडीत तर टाइमलाइनवर एक की (हालचालीची खूण) पुढे सरकवली की झालं, आणि हाताने काढलेल्यात प्रत्येक बदल म्हणजे दोन-चार रात्री. म्हणून ज्यांचं कॉम्बॅट अजून ठरलेलंच नाही त्यांनी ह्या वाटेला आत्ता जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी चौकोनी ठोकळे घेऊन टायमिंग पक्कं करा, मग ब्रश उचला.

थ्रीडी. पुण्यात थ्रीडी म्हटलं की राजी या गेमचं नाव येणारच आणि आलंच पाहिजे, तो करणारे नॉडिंग हेड्स इथलेच, २०२० मध्ये अनरिअल इंजिनवर केलेला गेम आला आणि त्यात पहाडी चित्रशैलीची झाक आहे, आणि गोष्टीचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या ढंगात टूडीत सांगितलेत. थ्रीडी म्हणजे सगळं एकसारखं गुळगुळीत दिसणार असं अजून ज्यांना वाटतं त्यांनी तो बघावा. आणि ट्युनिक किंवा डेथ्स डोअर हे गेम बघा, साधे आकार, सपाट रंग, सगळा जीव लायटिंगमध्ये. ट्युनिकचं बरंचसं काम एका माणसाचं आहे आणि डेथ्स डोअरच्या मागे मूळ टीम दोघांची.

हिशोब थ्रीडीच्या बाजूने कसा फिरतो ते बघा. मॉडेल आणि रिग (त्याच्या आतला हलणारा सांगाडा) मला ६० तास, आठ ॲनिमेशन प्रत्येकी सहा तास म्हणजे ४८, बाकी दोन शस्त्रांचे वेगळे वार ३६, अजून तीन चिलखतं ६०, शस्त्रं स्वतः १२. एकूण २१६ तास. दिशा कितीही घ्या, फुकट. तेवढ्यासाठी पिक्सेलला ११०० लागत होते. पण हे ज्याला ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) आधीच येतं त्याचे आकडे आहेत, शून्यापासून शिकणार असाल तर शिकायचेच सहा महिने धरा, आणि शेडर (मॉडेलवर उजेड आणि रंग कसा दिसेल ते ठरवणारा कोड) नीट जमेपर्यंत सगळं प्लास्टिकचं दिसतं.

मधली वाट पण आहे आणि आम्ही तीच घेतली. डेड सेल्स या गेमवाल्यांनी केलं तसं, कॅरेक्टर थ्रीडीत करायचं, ॲनिमेट तिथेच करायचं आणि लहान रेझोल्यूशनला रेंडर करून स्प्राइट बनवायचे. चिलखत बदललं की बटण दाबून पुन्हा रेंडर. बॅकग्राउंड मी हाताने रंगवतो आणि गोष्टीची पानं चित्रकथीत काढतो, तिथे सगळे बाजूने दिसले तरी चालतात. तोटा खरा आहे, चेहरे चिखल होतात, बोटं विरघळतात, आणि प्रत्येक शत्रूची दहा-बारा महत्त्वाची चित्रं मला हाताने साफ करावी लागतात. तरी परवडतं.

इंजिनवर फार वेळ घालवत नाही. गोडो फुकट आहे आणि टूडीला मस्त आहे. अनरिअल गेमने १० लाख डॉलर कमावल्यावर त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के घेतं, म्हणजे आपल्याला आत्ता काळजी नाही. युनिटीने २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये मागे घेतलं, त्यावरून अजून बरेच जण नाराज आहेत. जे येतं ते वापरा.

एक गोष्ट तिन्हीला लागू. श्रावणात सिंहगडावर जाऊन ढीगभर फोटो काढले आणि तसेच रंग घेतले, गवत हिरवं, शेवाळ हिरवं, हिरोचा अंगरखा पण हिरवट. एका संध्याकाळी शेजारच्या काकू डबा द्यायला आल्या, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे छान आहे, पण यातला तुमचा माणूस कोणता?" स्क्रीनशॉट काळा-पांढरा करून बघितला तर खरंच हिरो, झुडूप आणि शत्रू तिघं एकाच करड्या रंगात. मग जमिनीला कातळाचा काळा बेसॉल्ट घेतला, हिरो फिक्कट केला आणि सोनकीच्या फुलाचा पिवळा रंग फक्त शत्रूच्या वाराला ठेवला, दुसरीकडे कुठेही नाही. आता पिवळं दिसलं की डॅश मारायचा हे न सांगता कळतं. हे तुम्ही कुठलंही आर्ट घेतलंत तरी पहिल्या आठवड्यातच करा.

तर त्या तिघांना काय सांगितलं ते सांगतो. पहिला एकटाच आहे, कोडर आहे, चित्रकला बेताची, गेममध्ये लूट (वाटेत मिळणारं सामान) नाही, एकच तलवार आणि डॅश. त्याला म्हटलं पिक्सेल, ३२ उंचीचा हिरो, चारच दिशा, डोळे झाकून. दुसरी तिच्या बहिणीबरोबर करतेय, दोघीही कला महाविद्यालयातून शिकलेल्या, रेषा इतकी सुंदर आहे की ती थ्रीडीत घालणं म्हणजे पाप, त्यांना म्हटलं साइड व्ह्यू घ्या, मोठ्या आकाराचं कटआउट करा आणि फक्त बॉस (मोठे शत्रू) पूर्ण हाताने काढा. तिसऱ्याला चाळीस चिलखतं हवीत आणि सगळी अंगावर दिसायला हवीत, आणि टीम दोघांची. त्याला थ्रीडीशिवाय मार्ग नाही, आधी ऐकायला तयारच नव्हता, मग मी त्याला ४४ गुणिले ५ गुणिले ४० करायला लावलं. ८,८०० आले. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला रिगची फाईल देशील का. रविवारी येतोय, आमचीच देणार आहे त्याला.