एमटीबी शूज, एक पावसाळा आणि एक इलॅस्टिक: वापरानंतरचा अनुभव

‘पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.’ माउंटन बायकिंगचे शूज विकणाऱ्या कंपनीकडून हे उत्तर आलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता. जुलैत ठाण्यात सायकल चालवायची आणि पाय कोरडे ठेवायचे हे ज्याला जमतं त्याने मलाही शिकवावं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. शूज फ्लॅट पेडलचे, म्हणजे पाय नुसता ठेवायच्या सपाट पेडलसाठीचे, लेसवाले, साडेसहा हजारांचे. क्लीटवाले (तळाला बोल्टने बसवलेल्या तुकड्याने पेडलमध्ये अडकणारे) का नाही घेतले, हा प्रश्न येणारच. येऊरच्या चढावर, उपवन सोडल्यावर, सकाळी चालायला येणारे, कुत्री, रिक्षा, मध्येच थांबलेल्या गाड्या, सगळंच अंगावर येतं, आणि दर दहा मिनिटांनी पाय टेकावा लागतो. शिवाय क्लीटचे दोन बोल्ट पावसात गंजतात. माझ्या मित्राचे असे जाम झाले की अ‍ॅलन की फिरवता फिरवता खाचच गोल झाली, शेवटी ड्रिल मारावं लागलं. क्लीट घेणाऱ्यांनी बसवतानाच ग्रीस लावावं. माझा विषय तो नाही.

विषय आहे माप. दुकानात ‘नऊ नंबर द्या’ म्हटलं की डबा येतो, पण त्या नऊला काही अर्थ नसतो. यूकेच्या मापात एका नंबरचा फरक ८.४७ मिलिमीटरचा, युरोपच्या मापात ६.६७ मिलिमीटरचा. दोन्ही पट्ट्या एकमेकांवर कधीच नीट बसत नाहीत, त्यामुळे एका कंपनीचा नऊ म्हणजे ४३ आणि दुसरीचा ४३.५. म्हणून पाऊल कागदावर ठेवून मोजा, संध्याकाळी मोजा (तोवर पाय थोडा सुजलेला असतो), आणि दोन्ही पाय मोजा. माझा उजवा २६८ मिलिमीटर, डावा त्याहून जरा कमी. लांबी मात्र सोपी. गोची रुंदीत आहे. चेन्नईच्या सीएसआयआर-सीएलआरआय या चामडं संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले. त्यातही हेच निघालं की आपला पाय रुंद असतो, आणि त्यावरून त्यांनी ‘भ’ नावाची भारतीय मापं सुचवली. ती दुकानांत येईपर्यंत आपण परदेशी साच्यात पाय कोंबायचा.

रुंदी कमी पडली की लोक एक नंबर मोठा घेतात. मग बोटांना जागा मिळते, पण टाच सुटते. चढावर सायकल ढकलताना दर पावलाला टाच वर आली की मोज्यासकट कातडी सोलून निघते. मी दोन दुकानं याच कारणाने सोडली. एकात मुलगा म्हणाला, ‘सर, वापरल्यावर सैल होतात.’ चामडं होतं सैल. सिंथेटिक वरचा भाग फारसा ताणला जात नाही, पहिल्या दिवशी करंगळी दाबली जात असेल तर सहा महिन्यांनीही दाबली जाणार. अंगठ्यापुढे बोटभर जागा, करंगळी मोकळी, टाच घट्ट, एवढं जमलं की बाकी कसला रंग आणि कसलं काय. हे शूज तसे बसले, म्हणूनच घेतले. मापाबद्दल आजही तक्रार नाही.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टींनी डोकं फिरवलं. एक, सोल फार कडक. सायकलवरून उतरून चाललं की खडावा घातल्यासारखं वाटायचं. दुसरी गोष्ट इलॅस्टिक.

जिभेवर, लेसच्या मधोमध, एक इंचभर इलॅस्टिकचा पट्टा शिवलेला असतो. गाठ मारून उरलेली लेस त्यात खोचायची. लोक स्पेसिफिकेशनमध्ये याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि मला विचाराल तर एमटीबी शूज आणि साध्या स्नीकरमधला अर्धा फरक हा पट्टाच आहे. उजव्या बाजूला चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं चेनचं दातेरी चाक, फिरत असतं. लेसचं टोक लोंबकळलं की कधी ना कधी ते दातात जाणार, आणि गेलं की पाय पेडलला बांधला जाणार. साडेसहा हजारांच्या शूजमध्ये कंपनीने ही लेस गरजेपेक्षा वीतभर लांब दिली आहे आणि तिला धरायला इलॅस्टिक दिलंय ते असं की ऑगस्ट उजाडायच्या आत त्याचा ताण गेला. मळलेलं, सैल, जिभेवर लोळणारं. घोडबंदरला खाडीकडच्या चिखलवाटेवर लेस चेनमध्ये गेलीच. वेग नव्हता, नशीब. लेस कापून सुटका केली.

पट्टा कंपनीकडे मागितला. ‘सुटा भाग उपलब्ध नाही.’ जांभळी नाक्यावर शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मीटरभर चांगलं, जाड इलॅस्टिक वीस रुपयांना मिळालं. बायकोने जिभेवर दुहेरी टीप मारून दिलं, वर म्हणाली, ‘याच्यासाठी साडेसहा हजार दिलेस?’ उत्तर नव्हतं. ते इलॅस्टिक आजही कडक आहे, आणि उरलेल्या तुकड्यांतून दोन मित्रांचे शूज सुधारले. कंपनीच्या एका तरी डिझायनरने पावसाळ्यात स्वतःचा शूज घालून चिखलात उतरावं, बस.

आता सोल. सप्टेंबरच्या सुरुवातीला उजव्या शूजचा पुढचा भाग सुटला, अंगठ्याखाली बोट जाईल एवढा. इथे एक फरक समजून घ्या. ज्या शूजचा मधला थर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो, तो दमट हवेत आतून कुजतो. कपाटात नुसता पडून राहिला तरी कुजतो, आणि एक दिवस बोटाने दाबलं की भुगा निघतो. माळ्यावर ठेवलेल्या ट्रेकिंग शूजचे दोन्ही तळ एकाच ट्रेकला गळून पडल्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी आहेत, त्याचं कारण हेच. त्याला इलाज नाही, फेकून द्यायचे. माझ्या शूजचा मधला थर ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा आहे, तो तसा कुजत नाही. तो शाबूत होता. सुटला होता तो नुसता चिकटवलेला सांधा.

तक्रार केली, फोटो पाठवले. आधी ‘तुम्ही उन्हात वाळवले असतील’ असा आरोप. उन्हात? ऑगस्टमध्ये? शूज पंख्याखाली, आत रद्दी कोंबून वाळत होते, दर दोन तासांनी कागद बदलून. मग पाण्याचं ते वरचं उत्तर. मग ‘सद्भावना म्हणून’ वीस टक्क्यांचं कूपन, किमान खरेदी चार हजार. म्हणजे सुटलेल्या शूजबद्दल मीच अजून बत्तीसशे द्यायचे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीची भाषा एकदम सभ्य झाली आणि अर्धी रक्कम क्रेडिट म्हणून द्यायची तयारी दाखवली. मला रोख हवी आहे. पत्रव्यवहार चालू आहे.

तोवर शूज नौपाड्यातल्या मोचीकाकांकडे नेले. ‘काका, नुसतं चिकटवू नका, शिवून द्या.’ त्यांनी सोल उघडून बघितला आणि परत दिला. ‘आतून ओला आहे. वाळवून आणा, ओल्यावर सोल्यूशन धरत नाही.’ दोन दिवसांनी नेला तेव्हा जुना गम खरवडून, पॉलिश पेपर मारून, दोन हात सोल्यूशन लावून थोडा वेळ उघडाच ठेवला, मग ठोकला, मग आरीने कडेकडेने नायलॉनचे टाके. पुढच्या टोकाला रबर इतकं जाड आहे की आरी जाईना, तिथे त्यांनी खाच पाडून टाका खाली बसवला. एकशे ऐंशी रुपये, एका शूजचे. डावा सुटला नव्हता, तोही शिवून घेतला.

अपडेट, जानेवारी: वरचं सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं. दोन गोष्टी बदलतो.

कडक सोलबद्दल जे म्हटलं ते मागे. मधे काही दिवस जुन्या रनिंग शूजवर गेलो तेव्हा कळलं. मऊ तळवा पेडलवर वाकतो, पोटरी भरून येते, आणि दगडांवरून उतरताना पाय घसरून पेडलवरच्या टोकदार पिना नडगीत घुसतात. पेडलच्या पिनांना सपाट, चिवट रबर लागतं. फाइव्ह टेनचं नाव याच कामात झालं. ती मुळात कडे चढणाऱ्यांच्या शूजची कंपनी, १९८५ ची. तिचं स्टेल्थ रबर पेडल धरून ठेवतं म्हणून सायकलवाल्यांनी उचललं, पुढे २०११ मध्ये आदिदासने ती विकत घेतली. माझ्या शूजचं रबर तेवढं चिकट नाही, पण झिजलंही नाही. पिनांच्या खुणा दिसतात, एवढंच.

दुसरं, टाक्यांतून पाणी आत येतं. काकांनी सांगितलं होतं, ‘शिवलं की भोकं पडणार.’ पण फ्लॅट पेडलच्या शूजमध्ये पाणी घोट्यावरूनच आत जातं, तळातून चार थेंब आले काय आणि न आले काय. वॉटरप्रूफ शूजच्या नादी लागू नका, त्यांच्यात एकदा पाणी शिरलं की ते बाहेरही पडत नाही.

पुन्हा हेच घेईन का? मापासाठी हो, पण पूर्ण किमतीत नाही, सेलमध्ये. आणि नवे आणले की सायकलवर बसायच्या आधी मोचीकाकांकडे नेऊन दोन्ही सोल कोरडे असतानाच शिवून घेईन. तीनशे साठ रुपये किमतीतच धरून चाला. दुकानात बघायचं असेल तर सोलच्या कडेने टाक्यांची रेघ आहे का ते बघा, आणि नखाने जरा टोकरून बघा. काही शूजवर ती रेघ नुसती साच्यात उमटवलेली असते, दोरा नसतोच. जिभेवरचं इलॅस्टिक दहादा ताणून सोडा. दुकानदार बघत राहील, बघू द्या. पाय रुंद असेल आणि यूके नऊ-साडेनऊच्या मधे अडकला असाल, तर या मॉडेलमध्ये साडेनऊ घेऊन टाचेखाली पातळ इनसोल टाका. माझ्या भावाला तसा बसला.