इंजेक्शनबरोबर मनाचीही विचारपूस करणारे नाशिकमधील हार्मोन क्लिनिक

गंगापूर रोड परिसरातील या क्लिनिकमध्ये प्रामुख्याने मधुमेह आणि थायरॉइडचे रुग्ण येतात. त्यांच्याच रांगेत हार्मोन उपचार घेणारे ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) आणि ट्रान्स स्त्रियाही (मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया) बसतात. मी ट्रान्स पुरुष आहे, सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे उपचार पहिल्यापासून येथेच घेत आहे. सिन्नर, निफाड, मालेगावकडील अनेकांची अशी समजूत असते की या उपचारांसाठी मुंबई किंवा पुणे गाठल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. इंजेक्शन लिहून देणारे डॉक्टर शोधले तर सापडतात. त्या इंजेक्शननंतर मनाचे काय चालले आहे हे प्रत्येक भेटीत विचारणारे डॉक्टर मात्र क्वचित भेटतात, आणि माझ्या लेखी या क्लिनिकचे खरे मोल तेच आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र मागितले, परंतु त्या पत्राने मला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवायचे आहे, असा सूर त्यांच्या बोलण्यात कोठेही नव्हता. झोप कशी आहे, घरी कोणाकोणाला माहीत आहे, कामाच्या ठिकाणी आवाज बदलू लागल्यावर काय सांगणार, पूर्वी कधी जीव नकोसा झाला होता का, हे सारे त्यांनी शांतपणे विचारले आणि केस पेपरवर लिहून घेतले. यापूर्वी शहरातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्या वडिलांना, ‘लग्न लावून द्या, सगळे मार्गी लागेल,’ असा सल्ला दिला होता, त्यामुळे वडील येथेही धास्तावूनच आले होते. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले की, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात ट्रान्स असणे मानसिक विकारांच्या यादीतून काढलेले आहे; आणि एखाद्याची लिंगओळख बदलण्यासाठी उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. वडिलांचे लगेच मतपरिवर्तन झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून स्थळे आणणे थांबले.

हार्मोन आणि मन यांचा संबंध किती जवळचा आहे, हे मला पहिल्या काही महिन्यांत कळले. टेस्टोस्टेरॉनचे तेलातील इंजेक्शन घेतल्यावर रक्तातील प्रमाण आधी झपाट्याने वाढते आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ येईपर्यंत बरेच खाली येते. मला अधूनमधून विनाकारण रडू येत असे, चिडचिड होत असे, कामाच्या पाळीवर जाण्यापूर्वी कारखान्याच्या गेटपाशीच पाय अडखळत. हे सांगितल्यावर नैराश्याची गोळी लिहून देणे डॉक्टरांना सोपे होते. त्याऐवजी त्यांनी कॅलेंडरचे एक जुने पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूला चौकटी आखल्या आणि रोज रात्री मनःस्थितीला १ ते १० पैकी एक अंक द्यायला सांगितले. पुढच्या भेटीत त्याच चौकटींवर त्यांनी लाल पेनाने इंजेक्शनच्या तारखा टाकल्या, तेव्हा २ आणि ३ हे अंक दर वेळी पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या दिवसांतच गोळा झालेले दिसले. एका वेळची मात्रा कमी करून त्यांनी दोन इंजेक्शनांमधील अंतरही कमी केले; औषध एकूण जवळजवळ तेवढेच राहिले, मन मात्र पुष्कळ स्थिरावले. केवळ रक्ताचा अहवाल पाहिला असता तर ही गोष्ट निसटली असती, कारण प्रमाण योग्य की अयोग्य हे रक्त कोणत्या दिवशी काढले यावर ठरते.

मला विशेष भावले ते हे की हार्मोन उपचारांचे गुण सांगताना त्यांच्या मर्यादाही डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्या. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ६४ ट्रान्स प्रौढांपैकी निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच दिले गेले आणि निम्म्यांना ३ महिने थांबावे लागले. लगेच उपचार मिळालेल्यांमधील शरीर आणि लिंगओळख न जुळण्याची घुसमट, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार लक्षणीयरीत्या कमी झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात हार्मोन उपचार घेणाऱ्या १२ ते २० वयोगटातील ३१५ जणांचा २ वर्षे पाठपुरावा केला होता. एकूण गटात नैराश्य आणि चिंता कमी झाली, तरीही त्यांपैकी २ जणांनी आत्महत्या केली. दोन्ही अभ्यास समोर ठेवून डॉक्टरांनी स्पष्ट केले की शरीर मनाजोगते होऊ लागले की मनावरचा मोठा भार उतरतो. मात्र घरातला अबोला, भाड्याने खोली न मिळणे किंवा आधीपासूनचे नैराश्य यांवर इंजेक्शन हा उपाय नव्हे. म्हणून समुपदेशन हार्मोन सुरू झाल्यावरही चालू ठेवायचे, असा येथील आग्रह आहे. केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवला आहे आणि रात्री-अपरात्री त्यावर फोन करण्यात संकोच करू नये, असे बजावले आहे.

शारीरिक देखरेखीत कसूर नाही. पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी रक्ततपासणी होते. टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त घट्ट होऊ शकते म्हणून हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाकडे, विशेष लक्ष असते. एकदा खोल झालेला आवाज औषध बंद केले तरी पूर्ववत होत नाही आणि मासिक पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली असे नाही, हेही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी सांगितले जाते. येथेच ओळख झालेली एक ट्रान्स मैत्रीण पूर्वी ऐकीव सल्ल्यावरून मेडिकलमधून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला अनेक अशा घेत होती. त्या गोळ्यांतील इथिनाइल एस्ट्रॅडिऑल या कृत्रिम स्त्री-हार्मोनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी तिला न रागावता त्या बंद करायला लावून शरीरातील नैसर्गिक स्त्री-हार्मोनसारखेच असलेले एस्ट्रॅडिऑल सुरू केले, आणि सोबतच्या टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधाने उदास वाटते का, याची चौकशी तिच्याकडेही दर भेटीत होते.

आता उणिवा. स्वागतकक्षातून आधार कार्डावरचे नाव मोठ्याने पुकारले जाते. दाढी फुटलेला माणूस त्या नावाला उठून उभा राहतो तेव्हा सगळ्या बाकांवरच्या माना वळतात, आणि आत जाऊन ‘मन कसे आहे’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच ते विस्कटलेले असते. टोकन क्रमांक पुकारण्याची विनंती मी लेखी दिली आहे. ज्या प्रयोगशाळेकडे तपासण्या पाठवल्या जातात तेथील अहवाल स्त्रियांच्या प्रमाणाशी ताडून छापले जातात, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन आणि हिमोग्लोबिनपुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ अशी खूण येते. माझ्या आईने तो कागद पाहून देवापुढे दिवा लावला होता. डॉक्टर पुरुषांचे प्रमाण पेनाने शेजारी लिहून देतात, पण ही दुरुस्ती प्रयोगशाळेतच व्हायला हवी. समुपदेशक केवळ शनिवारी असतात आणि त्या दिवशी इतकी गर्दी असते की मोकळेपणी बोलावे एवढा वेळ मिळत नाही. ज्या क्लिनिकने मनाला एवढे महत्त्व दिले, त्याने समुपदेशनासाठी आणखी एक दिवस द्यावा, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

खर्चात इंजेक्शनचा वाटा लहान, तपासण्यांचा मोठा. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. परंतु हे क्लिनिक त्या योजनेत नसल्याने सर्व पैसे पदरचे भरावे लागतात. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या २०१९ च्या कायद्यातील कलम १५ नुसार हार्मोन उपचार आणि त्याआधीचे व नंतरचे समुपदेशन यांची सोय शासनाने करायची आहे, त्यामुळे खासगी दवाखान्याच्या पावत्या जपून ठेवताना मला दर वेळी त्या कलमाची आठवण होते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शनिवार टाळून मधल्या वारी दुपारची वेळ घ्यावी, जुने सर्व अहवाल आणि चालू असलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि स्वतःहून एखादे हार्मोन घेतले असल्यास ते लपवू नये. येथे त्यावरून कोणी बोल लावत नाही. येथे १८ वर्षांखालील व्यक्तींना हार्मोन सुरू करत नाहीत, मात्र पालकांसह आल्यास समुपदेशकांची वेळ देतात.