डीबीटी की सीबीटी?

मैत्रिणीच्या लेकीला डॉक्टरांनी मानसिक त्रासासाठी या दोन्ही थेरपी सुचवल्या. "कुठली घेऊ गं, मावशी?" असं तिने विचारलं, त्याचं हे उत्तर.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) विचारांना हात घालते. "मला काहीच जमत नाही" हा विचार कागदावर उतरवायचा, त्याचे पुरावे तपासायचे. साधारण १२ ते २० सत्रं, आठवड्याला एक. वेळ आणि खर्च आटोक्यात राहतो.

डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अमेरिकेत घडवली, वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी. वैयक्तिक सत्र, दर आठवड्याला भावना सांभाळायला शिकवणारा दोन-अडीच तासांचा कौशल्यवर्ग, शिवाय अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन, असं बहुतेकदा वर्षभर. रोज डायरी-कार्ड भरायचं: राग किती आला, इजा करावीशी वाटली का, तेव्हा काय केलं. भावनांचा लोंढा आला की विचार तपासायला डोकं ठिकाणावर नसतं. अशा वेळी श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवायला शिकवतात. हृदयाची गती उतरते. (हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.) मला हेच तिचं खरं बळ वाटतं.

पण पैसे जास्त लागतात, मेहनतही, आणि पूर्ण चमू असलेली केंद्रं आपल्याकडे मोजकीच. नुसत्या कौशल्यवर्गाला कुणी डीबीटी म्हणत असेल, तर बाकीचं काय ते आधी विचारून घे.

चिंता, पॅनिक, नैराश्य असेल तर सीबीटी. भावना क्षणात उसळतात, हात स्वतःवरच उठतो, असं असेल तर डीबीटीच. आणि मध्यरात्री असह्य झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे.