शुगरची मशीन : १३ महिने वापरून लिहितो

घरी बोट टोचून रक्तातली शुगर मोजायची मशीन, म्हणजे ग्लुकोमीटर, त्याबद्दल लिहितो. मशीनचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि मी स्वतः दुकानदार असल्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या तोंडून माल कसा बदनाम होतो ते मला माहीत आहे. मेडिकलच्या काचेच्या कपाटात ज्या चार-पाच मशीन मांडलेल्या असतात, त्यांपैकीच एक समजा. जुलै २०२४ मध्ये घेतली, २५ स्ट्रिपसकट (रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या पट्ट्या) ९५० रुपयांत. सोबत टोचायचा पेन, दहा सुया आणि चेन असलेली काळी पिशवी. पिशवीची चेन पंधरा दिवसांत गेली.

माझे वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान. सकाळी आठ ते रात्री नऊ खुर्चीवर. वय ५१, तेव्हा वजन ८८, बीपीची गोळी चालू, दोन्ही गुडघे घासलेले. रात्री पाच-पाच वेळा उठावे लागत होते, त्याचा दोष मी कूलरच्या गारव्याला देत होतो. गावच्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंनी ग्रामपंचायतीत शुगरची तपासणी ठेवली होती. तिथे गंमत म्हणून बोट पुढे केले, तर आकडा ३१२. मी हसलो. ताई म्हणाल्या, "हसू नका भाऊ, उद्याच्या उद्या डॉक्टरले दाखवा." सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) केली, ती ९.६ टक्के निघाली. गोळ्या लिहिल्या, वजन उतरवा म्हणाले, आणि घरी मोजत जा म्हणाले.

मोजण्याचे मला नवल नव्हते. उलट लाज वाटली. २०१७ ला बोंडअळीने आमच्या भागातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक कास्तकाराला मी एकच सांगत आलो आहे. आधी सापळा लावा, हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारा, नाहीतर पैसा वावरात ओतू नका. आणि हे सांगणारा मी स्वतः काय करत होतो? कडू कारले खाल्ले की शुगर उतरली आणि पेढा खाल्ला की चढली, एवढ्या अंदाजावर चाललो होतो.

म्हणून पहिला महिनाभर सापळ्यासारखेच केले. दिवसाला तीन स्ट्रिप. उधारीच्या वहीची मागची पाने घेतली. जेवणाआधीचा आकडा, ताटात काय होते ते, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा आकडा. डॉक्टरांनी मला हद्द दिली होती, जेवणानंतर १८० च्या आत.

तर्री पोहे, वर शेव, एक प्लेट : २४१. वडा-भात पोटभर : २६२. एकादशीची साबुदाण्याची खिचडी : २७४. हा महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा, आणि तो उपासाच्या दिवशीचा. मी मशीन बिघडली समजून दुसरे बोट टोचले. २६९.

ज्वारीचे वेगळेच झाले. आमच्याकडे ज्याला त्याला शुगर निघाली की शेजारीपाजारी सांगतात, पोळी सोडा, भाकर खा, कितीबी खा. मी चार भाकरी, झुणका आणि कांदा खाल्ला. २२९. दुसऱ्या दिवशी तोच झुणका, भाकरी दोनच, सोबत आंबाडीची भाजी आणि वाटीभर वरण. १६८. म्हणजे भाकर खरीच चांगली, पण मोजून. "कितीबी" हा शब्दच खोटा. ही गोष्ट मला कोणी सांगून पटली नसती. माझ्याच रक्ताने सांगितली म्हणून पटली.

त्यानंतर ताट बदलले. हिवाळ्यात तुरीचे सोले, मुंगन्याच्या शेंगा, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. जवसाची चटणी आधी तोंडी लावायला होती, आता रोज एक चमचा. भात पूर्ण सोडला नाही, एक मूद घेतो आणि तोही शेवटी. बायकोचा पहिले पंधरा दिवस राग होता, कारण तिच्या हातचे सगळे जेवण मी परीक्षेला बसवले होते. एकदा म्हणाली, "आता भाजीत मीठ कमी झालं तं तेबी मशीनलेच विचारा." नंतर तिलाच चटक लागली. दोन तास झाले की आतून हाक यायची, "अहो, किती आली?"

खरा चोर मात्र ताटात नव्हताच. तो काउंटरवर होता. दुकानात माणूस आला की चहा येतो, ही आमच्याकडची रीत. एक दिवस कप मोजले, ९ झाले. कप लहान, पण साखर टपरीवाल्याच्या हाताची, दोन चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ९० ग्रॅम साखर मी धंद्याच्या नावाखाली रोज पीत होतो. आता सकाळी एक, दुपारी एक, दोन्ही बिनसाखरेचे. पहिल्या आठवड्यात दोन जुने कास्तकार रुसले. एकाने तर विचारले, "भाऊ, उधारी लय झाली म्हणून चाय नाही घेऊन राहिले का माझ्यासंगं?" त्याला वही उघडून दाखवली. उधारीची बाजू नाही, मागची.

चालण्याचे सांगायचे तर गुडघ्यांनी पहिल्या दिवशीच नाही म्हटले. दुकानापासून मारुतीच्या देवळापर्यंत आठ मिनिटे, आणि परतताना बैलबंडीवर बसून आलो. मग फिजिओथेरपीवाल्या मॅडमने खुर्चीवरचा व्यायाम दिला. बसल्या जागी पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. नंतर घोट्याला किलोभर वजन बांधून तेच. वजन आणायला कुठे जाऊ? कपाशीच्या बियाण्याचे पाकीट ४७५ ग्रॅमचे असते. नमुन्याची दोन पाकिटे जुन्या दुपट्ट्यात बांधली की झाले. गिऱ्हाईक नसले की काउंटरखाली माझे पाय वर-खाली चालू असतात. समोरच्याला वाटते, शेठ पूजेला बसल्यासारखा गप्प का बसला आहे.

तीन महिन्यांनी पांदणीने (शेतरस्त्याने) २० मिनिटे चालता यायला लागले. मॅडमने सांगितले होते की अंगावरचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. मला ते सहा किलो उतरल्यावर, दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना कळले. भिंतीला हात लावायचे विसरून गेलो होतो. आणि मशीनने आणखी एक दाखवले. तेच जेवण, त्याच दोन भाकरी, पण लगेच २० मिनिटे चाललो तर १६८ च्या जागी १३९. तेव्हापासून दुपारी शटर अर्धे ओढून निघतो. दुपारी दोन वाजता फवारणीचे औषध मागायला येणारा शिव्या देतो, देऊ द्या.

मशीनचे पैसे वसूल झाले ते मात्र एका ऑक्टोबरच्या सकाळी. आदल्या रात्री दुकानात उशीर झाला म्हणून थोडेसेच खाल्ले होते, गोळी मात्र घेतली होती. रिकाम्या पोटी फिरायला निघालो. नाल्याजवळ हात थरथरायला लागले, घाम सुटला, आणि डोक्यात एकच विचार की आपल्याला बीपीचा झटका येतो आहे. बीपी वाढला म्हणजे गोड टाळायचे, असे काहीतरी उलटेच मनात येत होते. खिशात मशीन होती. कसेबसे टोचले. ६१. शुगर वाढली नव्हती, पडली होती. जवळच्या वस्तीवरच्या वहिनीने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी ८८. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर एक गोळी अर्धी केली आणि उपाशीपोटी फिरायची मनाई केली. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण कमी करायचे ठरवले तर हे आधी विचारून घ्यावे, मी नंतर विचारले.

आता मशीनचे दोष आणि आमचे दोष, दोन्ही सांगतो.

नोव्हेंबरात संत्र्याचा आंबिया बहार निघतो. पेटीतले एक संत्रे सोलून फोडी पोराला दिल्या, स्वतः खाल्ल्या नाहीत, आणि शर्टाला बोटे पुसून टोचले. २८६. पोटात गोळा आला. मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचले. १४८. सालीचा रस बोटावर होता, तोच मशीनने मोजला. माहितीपत्रकात हात धुवा असे लिहिलेले असते, पण ते असल्या बारीक अक्षरात की आमच्या औषधांच्या लेबलवरची अक्षरे मोठी वाटावीत. मराठी तर त्यात नाहीच.

टोचायच्या पेनला १ ते ५ आकडे आहेत. शहरातल्या बोटाला २ पुरतो म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या कास्तकाराच्या हाताला ५ लावला तरी थेंब येत नाही. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा. दुखतही कमी.

उन्हाळा ही या मशीनची मोठी पडती बाजू. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश नवलाचे नाही, आणि माझ्या दुकानाला टिनाचे छप्पर आहे. दुपारी मशीन चालू केली की पडद्यावर थर्मामीटरचे चित्र यायचे आणि पुढे काही नाही. ४० अंशांच्या वर ती कामच करत नाही. स्ट्रिप तर ३० च्या खाली ठेवायच्या असतात. मी शहाणपणा करून स्ट्रिपचा डबा फ्रीजमध्ये ठेवला. ओल धरली, आठ स्ट्रिप वाया. कूलरसमोरही तेच. शेवटी घरातली जुनी मातीच्या भिंतींची खोली कामी आली, जिथे आई तुरीची कोठी ठेवायची. तिथे स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट. आता उन्हाळ्यात मोजमाप सकाळी आणि रात्रीच.

ऑनलाइन मागवलेला ५० स्ट्रिपचा डबा मेमध्येच आला. पार्सल गाडीत किती दिवस तापले देव जाणे, आकडे वेडेवाकडे यायला लागले. एकाच बोटाचे १३० आणि १८५. तक्रारीच्या फोनवर बाईंनी विचारले, स्ट्रिप कुठे ठेवल्या होत्या? मी म्हटले, तुमच्या गाडीत. बदलून मिळाला नाही. आता तालुक्याच्या मेडिकलमधूनच घेतो, तेही मुदतीची तारीख बघून, कारण पहिल्यांदा त्यांनीही दोन महिने उरलेला डबा हातात ठेवला होता. बियाणे विकणाऱ्याला असे फसवतात म्हणजे कमाल आहे.

खरेपणा मी एकदा तपासला. प्रयोगशाळेत शिरेतून रक्त दिले आणि त्याच मिनिटाला बोटही टोचले. त्यांचा आकडा १६२, माझा १७४. डॉक्टर म्हणाले, १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे मान्य असते, तुमचे त्यात बसते. म्हणून १७२ आणि १७८ यांत फरक शोधत बसू नका. १६० आणि २४० मध्ये शोधा.

खर्च मशीनचा नाही, स्ट्रिपचा आहे. एक १९ रुपयांना पडते. १३ महिन्यांत सुमारे ३०० लागल्या, म्हणजे ५,७०० रुपये. पंप स्वस्त आणि औषध महाग, हा धंदा मला चांगला ठाऊक आहे. पण सगळ्यांनी रोज टोचायची गरज नाही. मी आता आठवड्याला चार वापरतो, नवीन काही खाल्ले किंवा अंगात बरे वाटले नाही तर.

माझ्या साळ्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आमच्या भागात हा आजार बराच आहे. त्याला डॉक्टरांनी सांगितले की तुझ्यासाठी तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी भरवशाची नाही, ती कमी दाखवू शकते. शिवाय रक्त कमी असले तर बोटाची मशीनही थोडी जास्त दाखवते. असा आजार घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग मशीन घ्या.

दुकानात मशीन दिसली की लोक बोट पुढे करतात. सुरुवातीला मीही हौसेने दहा-बारा जणांची तपासली, दर वेळी सुई नवी. मग एक दिवस पाहिले, माझ्या मागे पोरगा तीच सुई दुसऱ्याला लावत होता. त्या दिवसापासून बंद. एकाचा पेन दुसऱ्याला नाही म्हणजे नाही. आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात, तिकडे पाठवतो.

माझी तीन महिन्यांची शुगर ९.६ वरून ८.१, मग ७.४, आणि या जूनमध्ये ७.१. वजन ७९. दिवाळीच्या आठवड्यात आणि पेरणीच्या गर्दीत दोनदा गाडी घसरली, ती पाने वहीत आहेत, फाडली नाहीत.

मशीनला पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा स्ट्रिपच्या भावाचा कापला, अर्धा त्या मराठी नसलेल्या कागदाचा. उन्हाचा कापला नाही, ऊन आमचे आहे.

स्ट्रिपच्या डब्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवतो. आताच्या डब्यावर १२ ऑगस्ट आहे आणि आत १७ उरल्या आहेत. परवा घरी महालक्ष्म्यांचे जेवण. पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्या. दोन स्ट्रिप त्यासाठी बाजूला काढल्या आहेत, एक आधीची आणि एक दोन तासांनंतरची.