एस दिसला, कुलूप दिसलं आणि तीस हजार गेले

आमच्या घरात मोबाइलचं खातं माझ्याकडे. कुणालाही लिंक आली की मी एकच सांगायचो: पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीला एस जोडलाय का, शेजारी कुलूप आहे का, ते बघा. असेल तर बिनधास्त! हे शहाणपण वाटणारा मीच मे महिन्यात फसलो.

आई-बाबा आणि काका-काकूंना केदारनाथला जायचं होतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून फाटा नावाच्या गावापासून वर हेलिकॉप्टर. ती तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा साइटवर मिळतात हे मला ठाऊक होतं, पण हव्या त्या तारखेला जागाच नव्हती. रात्री अकराला गूगलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत ‘जागा उपलब्ध’. वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं नंतर दिसलं. साइट हुबेहूब तशीच. एस होता, कुलूपही होतं.

खरी साइट चारधाम यात्रेचा नोंदणी क्रमांक मागते, हिने मागितलाच नाही. मला वाटलं, चला, एक कटकट वाचली! भाड्याचे २४,४०० भरले. यूपीआयवर कुणातरी माणसाचं नाव आलं, तेही चालवून घेतलं. मग व्हॉट्सअॅपवर ‘परत मिळणारा विमा’ म्हणून आणखी सहा हजार. क्यूआर कोडसकट चार तिकिटं आली.

बारा दिवसांनी फाट्याहून बाबांचा फोन. “अरे, इथला माणूस म्हणतोय, यादीत आपली नावंच नाहीत. तुझ्याकडे दुसरी तिकिटं आहेत का?” मागे आईचा आवाज येत होता, “त्याला ओरडू नका हो.” शेवटी गौरीकुंडहून घोड्यावर गेले चौघं. त्या दिवशीची आईची कंबर अजून बोलते.

त्या रात्री दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून काढले. खरा: हेलीयात्रा, डॉट, आयआरसीटीसी, डॉट, को, डॉट, इन. खोटा: हेलीयात्रा, डॅश, आयआरसीटीसी, डॉट, ऑनलाइन. एका डॉटच्या जागी डॅश, आणि शेपूट वेगळं. पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो, सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते तिथून मागे. ‘को डॉट इन’च्या लगेच आधी आयआरसीटीसी आहे, म्हणजे मालक ते. त्याच्याही आधी काय लावायचं ते मालकाच्या हातात. डॅशने जोडलं की मात्र ते सगळं मिळून एकच नाव होतं, आणि असं नाव मोकळं असेल तर कुणीही विकत घेऊ शकतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असण्या-नसण्याने तर काहीच कळत नाही, जुना रिवाज आहे तो.

आणि माझा लाडका एस? सिक्युअरमधला. आपला फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच तो सांगतो. पलीकडे कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं. पाकीट पक्कं चिकटवलेलं होतं, फक्त ते चोराच्या घरी टाकलं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट देते. तपासलं जातं ते एवढंच, की पत्ता मागणाऱ्याच्या ताब्यात आहे ना. चोराच्या ताब्यात त्याचा पत्ता असतोच! लोक कुलुपाचा अर्थ ‘भरवशाची साइट’ असा लावतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढूनच टाकलं. माझ्या फोनमधला ब्राउझर दुसरा, त्यात ते अजून दिसतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर कधीकधी ते पुढच्या खात्यात अडवता येतात. मी बारा दिवसांनी जागा झालो होतो.

पैसे आलेले नाहीत. ती चार तिकिटं बाबांनी प्रिंट काढून नेली होती. मी फाडायला निघालो तर म्हणाले, “राहू दे, पोलिसांनी मागितली तर?” टीव्हीखालच्या खणात आहेत, प्रसादाच्या पुडीशेजारी.