सोलोची केरिस: काही महिने जवळ बाळगल्यावर

केरिस म्हणजे इंडोनेशियातली मानाची कट्यार. तिने भाजी चिरता येत नाही, दोरी कापता येत नाही, आणि ती मुळात ज्या कामासाठी जन्माला आली त्या कामाचा अनुभव लिहायची वेळ कोणावर येऊ नये. मग वापर कसला? तेलपाणी करणं, म्यानातून रीतीने काढणं-घालणं, पावसाळ्यात गंजापासून जपणं आणि लग्नकार्यात कमरेला खोचून ताठ बसणं, एवढाच. पण एवढ्यातही वस्तूची पारख होते.

मी इचलकरंजीचा. जावा बेटावरच्या सोलो शहराजवळ (सरकारी कागदावर सुराकार्ता) एका कापडगिरणीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे लोखंडाशी रोजची गाठ. जावातल्या केरिसकडे मी आधी त्याच नजरेने पाहिलं: पातं घडवलंय कसं, जोड कुठे आहे, कडक कुठे, मऊ कुठे. मंत्रतंत्राच्या गोष्टी नंतर कानावर आल्या, आणि भरपूर आल्या.

घ्यायची ठरल्यावर पहिला प्रश्न जुनी की नवी. जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलात तर दर दुसरी केरिस मजापहित या जावाच्या सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या साम्राज्याच्या काळातली निघते. एवढ्या केरिसा खरोखर त्या काळात घडल्या असत्या तर मजापहितात शेती कोणी केली हा प्रश्नच पडावा. लोखंडाचा पोत, पात्याचा बांधा, बुंध्याची ठेवण पाहून काळ आणि मुलूख ठरवायची एक रीत इथे आहे, तिला तांगुह म्हणतात. जाणकार माणूस ती फार गंभीरपणे करतो, पण शेवटी तो अंदाज. दोन जाणकारांत मतभेद ठरलेला. पात्यावरच साल कोरलेली केरिस अगदी विरळ. नेदरलँड्समध्ये असलेली प्रसिद्ध 'क्नाउड केरिस' तशी आहे. तिच्यावर शके १२६४, म्हणजे इ. स. १३४२ आहे, आणि पात्यावरच्या तांब्याच्या पत्र्यावर रामायणातले प्रसंग आहेत. शक तोच, आपल्या पंचांगातला शालिवाहन शक. जावाच्या सुलतान अगुंगने १६३३ मध्ये हिजरी पद्धतीचं चांद्र पंचांग लागू केलं, तेव्हाही वर्षांचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला.

तर मी नवी घेतली. १९४५ च्या स्वातंत्र्यानंतर घडलेल्या केरिसांना इथे कामार्दिकान म्हणतात आणि काही जुने शौकीन त्यांच्याकडे नाक मुरडतात. माझं मत सरळ उलटं आहे. जुन्या केरिसीबरोबर तुम्ही एक गोष्ट विकत घेता आणि ती तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नसतं. नव्या केरिसीत घडवणारा समोर उभा असतो. लोखंड कुठलं, घड्या किती घातल्या, पाणी कसं दिलं, सगळं विचारता येतं. सोलोच्या सरकारी कला संस्थेत तर केरिस घडवण्याचा पदवी अभ्यासक्रमच आहे. माझी केरिस तिथेच शिकलेल्या एका तरुण लोहाराच्या भट्टीतली. असा कारागीर म्हणजे एम्पू, पण हा पठ्ठ्या स्वतःला एम्पू म्हणवून घ्यायला तयार नाही. म्हणतो, ते दुसऱ्यांनी ठरवायचं.

स्वस्त हवी असेल तर मादुरा बेटावरच्या सुमेनेपकडची घ्या. तिथल्या आएंग तोंगतोंग गावात घरोघरी हेच काम चालतं आणि बाजारातली बरीचशी नवी पाती तिथूनच येतात. पाच लाख रुपियातही, म्हणजे आपल्या अडीच-तीन हजारांत, एखादं बरं पातं हाती लागतं. तिथल्या उत्तम कारागिरांचं काम मात्र वेगळंच. ते कुठल्याही दरबारात शोभेल.

आता पातं. माझं पाच वळणांचं आहे. वळणाला लुक म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम. सरळ केरिसही असते, आणि ती कमी दर्जाची मुळीच नाही. प्रत्येक घाटाला नाव आहे. माझ्या केरिसीच्या घाटाचं नाव पांडव चिनारिता. पाच वळणं, पाच पांडव. घरी फोनवर सांगितलं तर आईने पहिला प्रश्न विचारला, "पण उघडं पातं घरात कशाला?" तिला म्हटलं, म्यानात असतं गं.

पात्यावरची नक्षी म्हणजे पामोर. ती वरून कोरलेली नसते. लोखंड आणि निकेल यांचे थर भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव करायचे, पट्टी लांबवायची, दुमडायची, पुन्हा ठोकायची. दर घडीला थर दुप्पट: ३२, ६४, १२८. शेवटी मधोमध पोलादाचा गाभा घालून दोन्ही अंगांना हे थर चढवायचे. पूर्वी निकेलसाठी उल्केचं लोखंड वापरायचे. प्रांबानानजवळ पडलेली उल्का सुराकार्ताच्या राजवाड्यात आणली गेली आणि तिचे तुकडे राजघराण्याच्या केरिसांत गेले. तिचा उरलेला गोळा आजही वाड्यात आहे, त्याला 'क्याई पामोर' असं मानाचं नाव आहे. आज निकेल विकत मिळतं. माझा पामोर वोस वुताह जातीचा, सांडलेल्या तांदळाच्या दाण्यांसारखा ठिपक्याठिपक्यांचा. दिसायला साधा, पण ठोकताना हात जरा चुकला की थर सुटतात, आणि मग हवं तर नक्षीला दुसरं कुठलं तरी नाव द्यायचं.

मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती गांजाने. पात्याच्या बुंध्याला एक आडवा तुकडा असतो, तो गांजा. तो त्याच घडवलेल्या पट्टीतून कापून काढतात, मध्ये भोक पाडतात आणि मुठीत जाणाऱ्या दांड्यावरून सरकवून पात्याला बसवतात. माझ्या केरिसीचा हा जोड दिव्यासमोर धरला तरी फट दिसत नाही, आणि काम सगळं कानशीचं. दोन्ही भागांवरचा पामोर एकमेकांत मिसळलेला. घेताना हा जोड नखाने चाचपा. नख अडकलं तर घाईचं काम समजा. बुंध्याजवळ हत्तीच्या सोंडेसारखी छोटी वळी असते, मागच्या बाजूला बारीक दाते असतात, खोबणी असतात. ही सगळी कोरणी घाट ओळखायला लागते. बुंधा एका बाजूला रुंद आणि पातं किंचित कललेलं, म्हणजे मुद्दाम असमतोल. प्रथम पाहणाऱ्याला वाकडं वाटतं. हातात धरून अंगठा आणि तर्जनी बुंध्यापाशी आणली की कळतं: हे कापायचं नव्हे, भोसकायचं शस्त्र आहे.

या लोहारकामाला किती मान होता ते पाहायचं तर लावू डोंगराच्या उतारावरचं सुकुह मंदिर गाठा. सोलोहून सहज होतं. पंधराव्या शतकातल्या तिथल्या एका शिल्पात भीम पातं घडवतोय, अर्जुन उभ्या नळ्यांचा भाता मारतोय आणि दोघांच्या मध्ये गणपती नाचतोय. आपण गणपतीला लेखणी दिली, यांनी त्याला भट्टीत उभं केलं. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. भात्याची रचना मला कळत होती, गणपतीचं कारण नाही.

पारारातोन या जुन्या जावानी बखरीतली गोष्ट इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक. पुढे सिंगासारी राज्याचा राजा झालेल्या केन आरोकने एम्पू गांद्रिंगकडे केरिस घडवायला दिली, मुदत पाच महिन्यांची. मुदतीत काम पुरं झालं नाही म्हणून त्याने त्याच केरिसीने एम्पूलाच मारलं. मरताना एम्पूने शाप दिला, आणि पुढे सिंगासारीच्या राजघराण्यात ती केरिस एकेकाचा जीव घेत राहिली; केन आरोकचाही तिनेच घेतला. माझी केरिसही ठरल्यापेक्षा उशिरा मिळाली. या गोष्टीमुळे मी तगादा लावला नाही.

रोजच्या देखभालीचं. सोलोच्या दमट हवेत कोरडं ठेवलेलं पातं लवकर लाल पडतं. चंदन किंवा मोगऱ्याच्या वासाचं तेल मऊ ब्रशने पातळ लावायचं, जास्तीचं टिपून घ्यायचं. शेजारचे पाक (इथे वडीलधाऱ्यांना पाक म्हणतात) बिनदिक्कत शिवणयंत्राचं तेल वापरतात, वर अत्तराचे दोन थेंब. मीही तेच करतो आणि फरक काही पडलेला नाही. तेल जास्त झालं तर ते म्यानाच्या लाकडात मुरतं, डाग पडतो आणि तो जात नाही. बाहेर काढताना पातं उपसायचं नाही. मूठ उजव्या हातात स्थिर धरून डाव्या हाताने म्यान हळूच सरकवायचं. दुसऱ्याची केरिस असेल तर आधी परवानगी आणि कपाळाशी नेऊन नमस्कार. सुरुवातीला हे सगळं नाटकी वाटलं. पण या रीतीने पातं काढलं तर म्यानाची कड छिलत नाही आणि बोटही कापत नाही, तेव्हा रीत घालून देणारा शहाणा होता.

वर्षातून एकदा, जावानी वर्षाच्या 'सुरा' नावाच्या पहिल्या महिन्यात, केरिसांची धुलाई होते. नारळपाणी आणि लिंबाच्या रसाने गंज काढायचा, रिठ्याच्या जातीच्या फळाने घासून पातं पांढरं करायचं आणि मग सोमल व लिंबाच्या रसाचं मिश्रण चढवायचं. लोखंड काळं पडतं, निकेल चमकत राहतं, पामोर उठून दिसतो. सोमल म्हणजे विष, हे घरी करू नका. करणारे लोक आहेत, ते थोडक्या पैशांत करून देतात. आणि दरवर्षी करायलाच हवं असंही नाही. आम्लाने दरवेळी थोडं लोखंड जातं; पिढ्यान्‌पिढ्या धुतलेली जुनी पाती कागदासारखी पातळ झालेली मी पाहिली आहेत. तेल नीट दिलं असेल तर धुलाई लांबवा.

सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात मी ती पूर्ण पोशाखात लावली. पाठीमागे कमरपट्ट्यात खोचायची, मूठ उजवीकडे झुकलेली. नवरदेवाच्या केरिसीवर मोगऱ्याची माळ होती. शोभा उत्तम, सोय शून्य. खुर्चीला टेकता येत नाही, गाडीत बसताना काढून मांडीवर घ्यावी लागते, जेवायच्या रांगेत मागचा माणूस म्यानाला धडकतो. पण कौतुक झालं. दोन म्हाताऱ्यांनी पातं पाहायला मागितलं आणि वळणं मोजून मान डोलावली. किंमत कोणी विचारली नाही, तसं थेट विचारत नाहीत.

बालीला गेलो तेव्हा उबुदच्या नेका संग्रहालयात बाली केरिसांपुढे बराच वेळ घालवला. त्या जावातल्यांपेक्षा लांब, जाड, वजनदार. जावानी पातं बोटाला खरखरीत लागतं, पामोर नखाला जाणवतो. बालीचं घासून गुळगुळीत केलेलं, नक्षी काचेखाली असल्यासारखी. जावात मूठ लाकडाची, अमूर्त, त्यावर दोन इवलेसे चेहरे कोरलेले. बालीत मुठीवर अख्खा देव नाहीतर राक्षस बसतो, सोनं आणि खडे जडवलेला. पहिल्या नजरेत बालीची केरिस जिंकते हे कबूल. पण रोज हाताळायला मला जावाचीच बरी वाटते, ती मिरवत नाही. एका गोष्टीत मात्र बाली पुढे: तिथे ही वस्तू अजून रोजच्या धर्मात आहे. पांडे हा तिथला लोहारांचा समाज, त्यांचे पुरोहितही स्वतःचे. दर २१० दिवसांनी तुंपेक लांदेप येतो, त्या दिवशी केरिसांची पूजा होते आणि आता मोटारी-स्कूटरींनाही हार पडतात. आपल्या खंडेनवमीची आठवण न येणं अशक्य. २० सप्टेंबर १९०६ ला डच फौजेसमोर बादुंगचा राजा परिवारासह पांढऱ्या वस्त्रांत, हातात केरिस घेऊन मरणाला सामोरा गेला. तो इतिहास माहीत असला की ती चकचकीत मूठ नुसती दागिना वाटत नाही.

शक्तीचं काय? केरिस टोकावर उभी करून दाखवणारे भेटतात. गुरुत्वमध्य साधला की उभी राहते; मला जमलं नाही, पण त्यात भूत नाही. मान मात्र खरा आहे. योग्यकार्ताच्या सुलतानाच्या 'कान्जेंग क्याई अगेंग कोपेक' केरिसीचं नाव लोक माणसाचं घ्यावं तसं आदराने घेतात. डचांशी १८२५ ते १८३० लढलेल्या दिपोनेगोरो या जावानी राजपुत्राची 'नोगो सिलुमान' केरिस २०२० मध्ये नेदरलँड्सने परत केली, ती देशाची बातमी झाली. युनेस्कोने २००५ मध्ये केरिसीला गौरवलं, २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत गेली. यादीच्या आधीही ती होतीच म्हणा.

तक्रारी दोन. मूठ नुसत्या घर्षणावर बसते, ना खिळा ना गोंद. उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि ती डुगडुगायला लागली. दांड्याला सुती दोरा गुंडाळून घट्ट केली, हाच इथला रूढ उपाय. दुसरी म्यानाची. मी समारंभाचं लाद्रांग म्यान घेतलं होतं, होडीसारखं, दोन्ही टोकं बारीक निघालेली. एक टोक गाडीच्या दारात अडकून तुटलं. लाद्रांग खरंच नाजूक असतं, रोजच्यासाठी इथे गोलसर गायामान वापरतात. तशाच एका गायामानची मी आता मागणी नोंदवली आहे, तिमोहो लाकडात, काळ्या डागांचं. सुतार म्हणतो, पावसाळा संपल्याशिवाय लाकूड कापणार नाही.